पत्ती भिजेपर्यंत

फार फार पूर्वी, गावांना दरवाजे असत आणि दरवाजांनाही मानपान असे, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगरी राज्यात दसऱ्याच्या सकाळी वेशीचा दरवाजा सनईच्या सुरावर उघडे. वरच्या नगारखान्यातून पहिला सूर निघाला, की द्वारपाल अडसर काढी. सूर फाटला तर मात्र अपशकुन! मग सनईचा मान त्या घराकडून कायमचा काढून घेत. राजेलोकांना अपशकुनांची भारी हौस.

हा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात होता. पण आता म्हाताऱ्या वादकाचे दात पडले, आणि दातांवाचून सनई फुंकता येईना. म्हणून यंदा त्याची मुलगी वाजवणार होती.

घरात ती अशी वाजवी, की शेजारीण चुलीवरचं दूध विसरून जाई. पण चार माणसं समोर बसली, की तिच्या घशाला कोरड पडे. आता सनईच्या तोंडाशी गवताची इवलीशी पत्ती असते. ती ओली असेल तरच बोलते. तोंड सुकलं, की पत्ती सुकते आणि सूर फाटतो.

दसरा जवळ आला तशी पोरीची झोप उडाली. शेवटी तिने वैद्याचं दार गाठलं.

"वैद्यबुवा, काहीही करा, पण माझी भीती घालवा."

वैद्याने काढा दिला. तो पिताच भीती कुठल्या कुठे पळाली. घरी येऊन तिने मजेत सनई वाजवली. शेजारी बसून तिचा काका नेहमीसारखा दुसऱ्या सनईवर साथीचा सूर धरून होता.

"आबा, छान वाजली ना?"

"काकाचा सूर एकीकडे होता आणि तू भलतीकडेच भटकत होतीस," म्हातारा म्हणाला. "भ्यायलेली असतेस तेव्हा निदान ऐकतेस तरी. आज तू ऐकलंच नाहीस, पोरी."

तिला रडू कोसळलं. उरलेला काढा तिने शेवग्याच्या मुळाशी ओतला.

"मग या भीतीचं करू तरी काय?"

"घाबरलीस, की तू घाई करतेस. एकदाचं उरकावं म्हणून सुकी पत्तीच फुंकतेस. भीती जाईपर्यंत थांबू नकोस. पत्ती भिजेपर्यंत थांब."

दसरा उजाडला. बंद वेशीच्या आत राजा हत्तीवर, मागे सारं गाव. वर नगारखान्यात काकाने सूर धरला. पोरीने पत्ती ओठांत घेतली. तोंड ठणठणीत कोरडं!

ती थांबली. खाली कुजबुज सुरू झाली.

"अगं, वाजव!" कारभारी ओरडला. "मुहूर्त टळतोय!"

नगारखान्याच्या कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. फुंकून टाकावं आणि पळावं, असं तिला क्षणोक्षणी वाटत होतं. तरी ती पत्ती ओठांत धरून काकाचा सूर ऐकत राहिली.

हळूहळू जिभेखाली ओल आली. पत्ती मऊ झाली. मग तिने फुंकर घातली.

सूर किंचित थरथरला, काकाच्या सुराला जाऊन मिळाला आणि तिथेच स्थिर झाला. खाली अडसर सरकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याने डोळे उघडले, ते भरलेले होते.

मान घरातच राहिला. पुढे ती म्हातारी होईपर्यंत वाजवत होती आणि दर दसऱ्याला तितकीच घाबरत होती. फक्त पहिल्या सुराआधी वेशीवर कुणी ओरडायचं नाही, अशी रीत मात्र तेव्हापासून पडली.

तात्पर्य: भीतीला हाकलून देऊ नये आणि तिच्या घाईलाही बळी पडू नये; तिला शेजारी बसवून आपलं काम नीट करावं.