सगुणाचा ड्रोन

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाची एक वाडी दरीपलीकडे होती. तिथे औषध पोचवायचं तर अर्धा दिवस चालावं लागे, म्हणून गावाने एक ड्रोन आणला. सगुणा नावाची एक सून आणि तिचा धाकटा दीर रंगा तो उडवायला शिकू लागले.

शिकवायला आलेले गुरुजी म्हणाले, "याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत यंत्र आपला तोल आपणच सांभाळतं. घाबरलात तर हात सोडा, ते जागीच थांबेल. दुसरीत सगळी भिस्त तुमच्या हातांवर. आधी पहिली पक्की करा."

रंगाला एवढा धीर कुठला! त्याने लगेच दुसरी तऱ्हा धरली. ड्रोनला कोलांट्या मारायला लावल्या, गवतात आपटलाही, पण टाळ्या त्यालाच. सगुणा मात्र सरळ नेई, सरळ आणी. पारावरची माणसं हसत, "सूनबाई, ड्रोन उडवताय का पाळणा हलवताय?" तिला ते लागायचं. घरी आल्यावर भाकरी जरा जोरातच थापली जायची.

एका दुपारी वाडीवरून निरोप आला, पोराला विंचू चावलाय, औषध पाठवा. त्या दिवशी ड्रोन उडवायची पाळी सगुणाची होती. सगळं गाव जमलं.

रंगा म्हणाला, "वहिनी, आज दाखवाच! दुसऱ्या तऱ्हेनं सोडा, सुसाट जाईल. एवढी माणसं बघत्यात."

सगुणालाही मोह झाला. बोट तऱ्हा बदलायच्या बटणापाशी गेलं. मग तिने ते मागे घेतलं. "भावजी, नव्या गाडीवानाला आपण वाट पाठ असलेला बैलच देतो की. मी नवीनच हाय, ते कशाला लपवू?"

दरीच्या मधोमध वाऱ्याने ड्रोनला जोराचा हिसका दिला. घाबरून तिने गळ्यातल्या रिमोटवरचे दोन्ही हात सोडले. ड्रोन डगमगला, सावरला आणि जागीच थांबला. तिने पदराला तळहात पुसले, श्वास घेतला आणि तो पुढे नेला. औषध पोचलं. पोर वाचलं.

रंगा पुढे आला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, हात मीबी सोडलं असतं. पण माझं औषध दरीत गेलं असतं." असं बोलायला मोठं मन लागतं, आणि ते रंगाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सगुणा गुरुजींपुढे उभी राहिली. "आता दुसरी तऱ्हा शिकवा. पण औषध न बांधता, आणि खाली गवत असेल तिथं."

रंगा आधीच मैदानातले दगड वेचत होता.

तात्पर्य: शिकताना आधार घेण्यात कमीपणा नाही; कमीपणा आहे तो टाळ्यांसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात.