हुक्केरी वकिलांची पंगत

“पण मशीनला हात कधी लावायचा, अक्का?”

कमळाक्का मठाच्या पडवीत खपली गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“हात लावून काय करणार?”

“प्रोग्राम लिहिणार.”

“म्हणजे त्याला काय सांगणार?”

हुक्केरी वकिलांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. एवढा साधा प्रश्न येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

कमळाक्का एके काळी मोठाल्या कारखान्यांचे प्रोग्राम लिहीत. केस पिकल्यावर त्या हिरण्यकेशीच्या काठच्या या मठात येऊन राहिल्या. ज्याला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, अशालाच त्या शिकवत. आतल्या खोलीत एक मशीन होतं. त्याच्यासमोर कुणाला बसवायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे त्याच ठरवत. त्यावर अपील नव्हतं.

आणि शिवानंद हुक्केरी म्हणजे कोर्टातला गाजलेला माणूस. ते बोलायला उभे राहिले की बाहेरचे पक्षकारही आत येऊन ऐकत. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली एक घोगरी कुजबूज. कुजबुजणाऱ्या वकिलाकडे कोण येणार? वर्षभर ते घरात बसून भिंतीकडे बघत राहिले. मग कुणीतरी सांगितलं, प्रोग्राम लिहायला आवाज लागत नाही. बुडत्याला काडीचा आधार. वकील पिशवी घेऊन मठात आले.

आवाज गेला होता, पण ऐट तशीच होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार.

“पुस्तकं वाचून आलोय मी, अक्का. अट म्हणजे काय, लूप म्हणजे काय, तोंडपाठ आहे. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, म्हणजे लूप.”

“बरं.”

“आणि माझा मसुदा भल्याभल्यांनी उलटापालटा करून बघितलाय. कुणाला त्यात पळवाट सापडली नाही. मशीनला चार गोष्टी सांगणं त्याहून अवघड आहे काय?”

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. आता त्यांनी वकिलांकडे नीट पाहिलं.

“उद्या उत्सव हाय. माणसं जेवायला येतील. पंगतीत खीर कशी वाढायची, ते लिहा.”

“खीर?”

“वाढणाऱ्यानं जन्मात पंगत बघितली न्हाई, असं समजून लिहा. जमलं तर आत चला. न्हाई जमलं तर दुपारची एसटी हाय.”

एसटी म्हणजे घर, आणि घर म्हणजे पुन्हा ती भिंत. पण खीर वाढण्याचा मसुदा! वकिलांना जवळजवळ हसू आलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एका दमात लिहून टाकलं.

‘पत्रावळीवरील खीर संपलेली दिसताच वाढप्याने एक ओगराळे खीर वाढावी. प्रसाद टाकू नये. पानात पडेल तेवढा जेवणाऱ्याने संपवावा. पंगत संपल्याशिवाय कोणीही उठू नये.’

“घ्या. कुणी उपाशी राहणार नाही, कणभर वाया जाणार नाही, शिस्तही मोडणार नाही.”

अक्कांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

“सगळं आलं यात?”

“सगळं.”

“मग बसा पानावर. वाढपी मी.”

त्यांनी पत्रावळ मांडली आणि आतून खिरीची बादली आणली. खपली गव्हाची खीर, गुळातली, वर सुंठ आणि खोबरं. वाफ अजून जात होती. वकिलांना आपल्या मसुद्याचा अभिमान वाटला आणि भूकही लागली.

पहिलं ओगराळं त्यांनी मिटक्या मारत संपवलं.

अक्कांनी पानाकडे पाहिलं. पान रिकामं होतं. त्यांनी दुसरं वाढलं.

तेही गेलं. तिसरं जरा सावकाश गेलं. नंतरचं ओगराळं वकिलांनी घोटघोट पाणी पीत ढकललं.

अक्कांनी पानाकडे पाहिलं आणि वाढलं.

“बास, अक्का.”

अक्का पानाकडेच बघत होत्या. वकिलांनी कसंबसं संपवलं. ओगराळं पुन्हा खाली आलं. वकिलांनी झटकन पानावर हात आडवा धरला.

खीर त्यांच्या हातावर पडली आणि बोटांतून पानात उतरली.

“अहो! हात आडवा धरला की मी!”

“कागदात हाताचं काय लिहिलंय?”

“हे काय लिहावं लागतं? एवढ्याशा पोरालासुद्धा कळतं!”

“पोर आईच्या मांडीवर बसून शिकतं. मशीन कुठल्या पंगतीला जेवलंय?”

…

वकिलांना घाम फुटला. खीर संपवली तर आणखी येणार. म्हणून त्यांनी पानाच्या कडेला थोडी तशीच ठेवली. मग विजयी मुद्रेनं अक्कांकडे पाहिलं.

“प्रसाद टाकताय?” अक्कांनी कागद पुढे धरला.

वकिलांनी ती खाल्ली. लगेच ओगराळं आलं.

तेही गिळून वकील उठायला लागले.

“पंगत संपल्याशिवाय उठायचं न्हाई. तुम्हीच लिहिलंय.”

“मग पंगत संपते कधी?”

“तुम्ही सांगा.”

“वाढणं थांबलं की संपते.”

“आणि वाढणं कधी थांबतं?”

वकिलांनी मान वाकडी करून अक्कांच्या हातातला कागद पुन्हा वाचला.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कागदात पळवाट शोधली होती. आज स्वतःच्या कागदात शोधत होते. एकही सापडत नव्हती. प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि चारही मिळून त्यांचा जीव घेत होती.

अक्कांनी ओगराळं भरलं.

आणि वकील एकदम हसले. आधी पोट हललं, मग खांदे, आणि मग त्या मोडक्या घशातून असा काही आवाज फुटला की चिंचेवरचे कावळे उडाले.

“लूप! अक्का, मी लूपमध्ये बसलोय! थांबायचं कधी, ते मी लिहिलंच नाही!”

“मग?”

“मग… थांबा. पेन!”

उजवा हात उष्टा होता. उष्ट्या हातानं कागदाला कसं शिवायचं? त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. लहान मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं उमटू लागली. ज्यांच्या सहीचं कोर्टात कौतुक व्हायचं, ते वकील जीभ बाहेर काढून एकेक अक्षर गिरवत होते.

‘पानावर हात आडवा आल्यास वाढू नये. पुढील पानाकडे जावे.’

त्यांनी हात आडवा धरला आणि श्वास रोखला.

अक्कांनी वाचलं. खाली येणारं ओगराळं हवेतच थांबलं. त्या एक पाऊल पुढे सरकल्या आणि वकिलांच्या शेजारच्या मोकळ्या फरशीसमोर वाकून उभ्या राहिल्या.

“थांबल्या!” वकिलांना इतका आनंद झाला, की मोठा खटला जिंकल्यावरही तसा झाला नसेल. “अक्का, तुम्ही थांबलात!”

अक्का हलल्या नाहीत. त्या फरशीकडे बघत राहिल्या.

“काय झालं?”

“पुढं पान न्हाई. आता?”

“अरेच्चा… खरंच की!” वकिलांनी कागद ओढला. ‘पुढे पान नसल्यास परत फिरावे.’ अक्का परत फिरल्या. वकिलांनी मांडीवर थाप मारली आणि धोतराला खीर लागली, त्याचंही भान त्यांना राहिलं नाही.

“आणि बादली संपली तर? थांबा, तेही लिहितो. पान आहे पण माणूस उठून गेलाय, तर? एखाद्याला गोडच चालत नाही, तर? अक्का, सुरुवातीलाच विचारायला हवं, खीर हवी का म्हणून! हे सगळं मला ठाऊक होतं हो. जन्मापासून ठाऊक होतं. पण ठाऊक आहे हेच ठाऊक नव्हतं!”

डावा हात दुखायला लागला तरी ते थांबेनात. लिहायचे, खोडायचे, अक्कांना चालायला लावायचे. अक्का कुठे अडल्या की ओरडायचे, “सापडली चूक!” त्या घोगऱ्या आवाजात इतका हर्ष होता, की चूक सापडली की खजिना, हे ऐकणाऱ्याला कळलं नसतं. मघाशी जो माणूस आपल्या मसुद्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून ताठ बसला होता, तो आता स्वतःच भिंग लावून चुका शोधत होता.

बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

वकील दचकले. पेन हातातच राहिलं.

गाडी मठासमोर थांबली, आणि थोड्या वेळानं निघून गेली. वकील पानावरून उठले नाहीत.

…

“अक्का,” वकील हळूच म्हणाले, “अजून यात पुष्कळ राहिलं असेल.”

“असंल की.”

“उद्या पंगतीत आणखी सापडेल.”

“सापडंल.”

“मग मी…” त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

अक्कांनी बादलीवर झाकण ठेवलं. पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढे सरकवला.

“हात धुवा, वकील. आत एकजण बसलाय. त्याला ‘बास’ म्हणता येत न्हाई. जा, त्याला वाढा.”