मागं धावजी हाय

फार वर्षांपूर्वी, म्हणजे कोकणात उतरायला गाडीरस्ता नव्हता आणि माणसाचे दोन पाय हीच काय ती गाडी होती, तेव्हा आमच्या कळमवाडीत धावजी नावाचा वाटाड्या राहायचा. वाटाड्या म्हणजे वाट दाखवणारा, हे पोरासोरांनाही कळतं. पण धावजी कधी कुणाच्या पुढं चालायचाच नाही. सगळ्यांना पुढं घालायचा आणि आपण शेवटी, खाकरत खोकरत, काठी टेकत यायचा.

लोक काय, हसायचे. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तसं नाव धावजी अन् चाल गोगलगाईची. त्याला कुणी कारण विचारलं तर तो तंबाखू मळायला घ्यायचा. त्याची एकच अट असायची. पुढच्यानं थोड्या थोड्या वेळानं मागं वळून हाळी द्यायची, "मागं कोण?" मग शेवटून उत्तर यायचं, "मी हाय, धावजी." ते ऐकलं की सगळे आहेत असं समजायचं आणि पुढचं पाऊल टाकायचं. घाट चढून वर पोचल्यावर तिथल्या जांभळीच्या झाडाखाली भाकरीची गाठोडी सोडायची, तीही धावजी आल्यावरच. कोकणात उतरायची आमची तवलीची नाळ म्हणजे साधीसुधी वाट नाही, बरं का. दोन कड्यांमधली उभी घळ, पायाखाली सगळे सुटे दगडगोटे. पण धावजी मागं असताना त्या नाळेत कधी माणूस हरवलं नाही, असं म्हणतात.

आता येसूची गोष्ट ऐका. येसू आमच्याच वाडीची पोर. लहानपणी तापात तिचा डावा पाय बारीक झाला, तेव्हापासून ती लंगडायची. पोर गुणाची, पण स्थळ येईना. शेवटी नाळेखालच्या वाडीतल्या एका चांगल्या मुलानं तिला बघितली आणि करीन तर हीच म्हणाला. त्याच्या आत्याला मात्र ते रुचलं नाही. ती म्हणाली, लग्न आमच्या दारात होईल आणि मुलगी आपल्या पायांनी घाट उतरून गोरज मुहूर्ताला मांडवात आली पाहिजे. नाही आली तर आल्या वाटेनं परत. म्हातारी मोठी खट! त्या काळी मुहूर्त चुकलेल्या पोरीला पुन्हा कोण विचारत होतं? येसूला सगळं ठाऊक होतं.

वऱ्हाड निघालं. पुढं येसूचा मामा हैबती. माणूस प्रेमळ, पण तापट, आणि भाचीच्या लग्नाची घाई त्यालाच जास्त. ज्येष्ठ तोंडावर आला होता, कोकणातले ढग घाटावर चढायला लागले होते. वऱ्हाड अर्ध्या नाळेत पोचलं आणि धुकं असं दाटलं की स्वतःचा हात दिसेना. येसू मागं पडली होती, आणि तिच्या मागं धावजी होताच. हैबतीनं आधी दोनतीनदा हाळी दिली. मग त्याला वाटलं, हाका मारत बसलो तर मुहूर्त इथंच जायचा. त्यानं विचारायचंच सोडून दिलं आणि झपाझप निघाला. जिथं वाट डावीकडं वळते, तिथं तो धुक्यात सरळ गेला. ती पाण्याची वाट होती. पावसाळ्यात तिथून ओढा थेट कड्यावरून खाली पडतो. अख्खं वऱ्हाड त्याच्या मागून चाललं.

मागं धावजीनं हाळीची वाट पाहिली. बराच वेळ ती आली नाही. तेव्हा तो वाटेतच मांडी घालून बसला.

येसूला रडू फुटलं. ती त्याच्या पाया पडली, म्हणाली, बाबा, सूर्य कलला, माझा जन्म वाया जाईल, उठा. तो काही उठला नाही. त्यानं समोरच्या मातीत दोन्ही हात घातले आणि म्हशीचं शेपूट धरावं तशी ती वाट घट्ट धरून ठेवली. असं म्हणतात, वाट ताणली गेली. पुढं हैबतीनं पाऊल उचललं ते खाली टेकेचना. सगळ्या वऱ्हाडाला कंबरेत हिसका बसला, दावं ओढलेल्या गुरासारखं जो तो जागच्या जागी थांबला. तेवढ्यात धुकं फाटलं आणि हैबतीनं खाली पाहिलं. उचललेल्या पायाखाली जमीनच नव्हती. खूप खाली गिधाडं घिरट्या घालत होती.

हैबतीनं तो पाय मागं घेतला. मग त्याला विसरलेली हाळी आठवली. तो ओरडला, "मागं कोण?"

"मी हाय, धावजी," मागून उत्तर आलं. "येसूबी हाय. मागं फिरा."

सगळे परत आले. हैबतीनं भाचीला पोटाशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला. मग धावजीनं येसूलाच सगळ्यांच्या पुढं घातलं. ती जशी चालेल तसं वऱ्हाड चालेल, असं ठरलं. कुणी एका शब्दानं घाई केली नाही. ती थांबली की सगळे थांबायचे. आणि असं म्हणतात, त्या दिवशी सूर्यही समोरच्या डोंगरावर हनुवटी टेकून थांबला. येसूचा पाय मांडवात पडला, तेव्हाच तो हळूच पलीकडं उतरला. आत्यानं तिचे सुजलेले पाय बघितले. मग दूधपाण्यानं ते पाय तिनं स्वतः धुतले. पुढं दोघींचं असं जमलं की घरातले पुरुष घाबरून असायचे.

येसू दरवर्षी माहेराला यायची आणि तिच्या मागं धावजी असायचा. एकदा तिनं त्याला विचारलंच, की तुम्ही पुढं का नाही चालत? त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, तो बोलला, "पुढं गेलो तर नुसती वाट दिसंल, पोरी. मागं राह्यलं म्हंजी तुम्ही समदी दिसता."

येसूचे केस पांढरे झाले, तेव्हा धावजी तर पिकलं पान झाला होता. अशाच एका वर्षी नाळ चढून सगळे जांभळीखाली आले. येसू पोचली, भाकरीची फडकी सुटली. कुणीतरी हाळी दिली, "मागं कोण?"

उत्तर आलं नाही. पुन्हा हाळी दिली, पुन्हा दिली. माणसं खाली धावली. येसूच्या लग्नाच्या दिवशी वाट धरून तो जिथं बसला होता, तिथं त्याची काठी उभी रोवलेली होती. तो कुठंच नव्हता. सगळी नाळ धुंडाळून माणसं परत आली आणि मान खाली घालून बसली. कुणी भाकरीला हात लावेना. पोरं भुकेनं किरकिरायला लागली. तेव्हा येसू डोळे पुसून उठली. तिनं एक भाकरी जांभळीच्या मुळाशी ठेवली आणि नाळेकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मागं धावजी हाय. खावा समद्यांनी."

तेव्हा कुठं सगळे जेवले.

असं म्हणतात, कुणीतरी कुठंतरी मागं राहिलं असणार, म्हणून तो थांबला. आजही नाळेत एकट्या पडलेल्या माणसाला पाठीमागून खाकरल्याचा आवाज येतो. घाबरायचं नाही, चालत राहायचं.

आता नाळेत देशोदेशीचे ट्रेकर येतात, रंगीत बूट घालून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन. आमची पोरं त्यांना सांगतात, सगळ्यात हळू चालणारा पुढं आणि वाटाड्या मागं. वर पोचलं की हाळी होते, शेवटचा माणूस "मागं धावजी हाय" म्हणतो आणि मगच डबे उघडतात. आमच्या वाडीची एक पोर तर आफ्रिकेतल्या बर्फाच्या डोंगरावर माणसं घेऊन जाते. तिकडून तिनं फोन केला. म्हणाली, शिखरावर मी हाळी दिली, तर सगळ्यात मागं राहिलेली एक जर्मन म्हातारी धापा टाकत, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मागं धावजी हाय."

वाडी हसली, टाळ्या पिटल्या. पण आयाबाया घरी जाऊन विचारात पडल्या, की अंगावर एका पंच्यानिशी गेलेला तो म्हातारा, तिथं बर्फात कसा राहत असेल? म्हणून त्या वर्षापासून जांभळीखाली भाकरीच्या शेजारी एक घोंगडी पण ठेवतात.