मिटलेले डोळे

फार जुनी नाही, गावात एकच फोटो स्टुडिओ होता तेव्हाची गोष्ट. तिथल्या कपाटात दोन लेन्स शेजारी राहायच्या. म्हातारीचा फोकस हाताने फिरवून जुळवावा लागे. धाकटी तो आपणहून जुळवायची, तेही पापणी लवायच्या आत.

एका सकाळी गावातल्या हौसाचं तान्हं बाळ गेलं. त्याचा एकही फोटो नव्हता. पुरायच्या आधी एक तरी काढा, असा निरोप आला.

"आज मला जायला हवं," म्हातारी म्हणाली.

"तुझं जुळेपर्यंत माणसं उठून जातील, आजी," धाकटी हसली. "मी उघडे डोळे शोधते नि झटकन धरते."

"आणि मिटलेले?"

धाकटीला प्रश्नच कळला नाही. फोटोग्राफर नारबाही घाईत होते, त्यांनी तिलाच उचललं.

संध्याकाळी फोटो छापून झाला. त्यात हौसाची एकेक पापणी मोजता येत होती. मांडीवर मात्र नुसता पांढुरका धूर होता.

"नारबाकाका, यात माझं बाळ कुठंय?" हौसाने हळूच विचारलं.

नारबांनी कपाटातून म्हातारीला काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. पण बाळाला दुपारीच मूठमाती दिली होती.