चुन्यातला गूळ

फार पूर्वी कुंभवती नगरीत पद्मसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव श्रुतसेन. राजसभेत तो वयाने सर्वांत लहान होता, त्यामुळे त्याचे आसन दाराजवळ असे आणि त्याचे बोलणे शेवटी ऐकले जाई, म्हणजे बहुधा ऐकलेच जात नसे.

त्या वर्षी राजाने नगरासाठी पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव बांधायला घेतला. तलावाला चुन्याचा गिलावा करायचा होता. चुना मळताना त्यात बेलफळाचा गर, भिजवलेल्या उडदाचे पाणी आणि गूळ घालीत. गुळाने चुना धरतो, दगडासारखा होतो. मळलेला चुना तळावर पसरायचा आणि जड लाकडी धुमसांनी तो तीन दिवस धोपटायचा, हे काम चुनेवाडीच्या चाळीस बायका करीत. सगळ्या एका ओळीत उभ्या राहत. कुवली नावाची तरुणी ओळीच्या टोकाला उभी राहून गाणे म्हणे, आणि तिच्या गाण्याच्या ठेक्यावर चाळीस धुमस एकदम पडत.

या कामाची मजुरी होती दिवसाला दोन मुठी कण्या.

दोन मुठी कण्यांत कुवलीचे स्वतःचेही पोट भरत नसे, आणि घरी मेणी नावाची दोन वर्षांची लेक होती. म्हणून गुळाची ढेप फोडताना एक खडा तोंडात जाई, एक पदराच्या गाठीत जाई. चाळीसजणींचे तेच चालले होते. चुन्यात पडायचा त्याच्या निम्माच गूळ पडे. तलाव दोनदा भरला आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत कोरडा पडला.

"आपल्या पोटांनाच गिलावा केला असता ना, तर थेंबभर गळला नसता," म्हातारी रोहाआत्या म्हणाली, आणि बायका धुमसावर रेलून हसल्या.

पण सभेत कोणी हसत नव्हते. महामात्य पुंडरीक आणि त्याचे दोन समवयस्क अमात्य, तिघेही पांढऱ्या दाढीचे, एकमुखाने म्हणाले, "महाराज, चुनेवाडीच्या बायका चोर आहेत. वाडी नगराबाहेर घालवा."

राजा श्रुतसेनाला म्हणाला, "अमात्य, आठ दिवसांत चोर शोधून आण. आणलास तर पुंडरीकानंतर महामात्यपद तुझे."

दुसऱ्या दिवशी तलावावर एक नवा मजूर आला. मजुरी विचारली, मान डोलावली आणि चुन्याच्या खड्ड्यात उतरला.

"हात बघा गं याचे, लोण्याचे!" कुवली म्हणाली. "भाऊ, चुना आहे हा. चंदन नव्हे."

तो हसला. पहिल्या दिवशी त्याने खूप प्रश्न विचारले. संध्याकाळी दोन मुठी कण्या घेतल्या, तिथेच शिजवल्या आणि तिथेच झोपला. त्या कण्यांखेरीज काहीही खायचे नाही असे त्याने मनाशी ठरवले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रश्न कमी झाले. तिसऱ्या दिवशी तो बोलेनासा झाला.

त्या दुपारी बेलाचा गर आणायला गेलेली कुवली परतली, तर हा खड्ड्याच्या कडेला पाठमोरा बसलेला. तिच्या पावलांच्या आवाजाने तो दचकून वळला.

"दडवू नका," कुवली म्हणाली. "ओठाला लागलाय."

त्याने ओठ पुसले, मग बोटे पाहिली, मग मान खाली घातली. "मी कधी कुणाची काडीही उचललेली नाही."

"पहिल्या खड्याला सगळ्या असंच म्हणतात. बसा इथं सावलीत. आम्ही चाळीसजणी आहोत, एकेचाळिसावे तुम्ही."

मग त्याने आपण कोण ते सांगितले.

कुवलीच्या हातातली पाटी खाली पडली. एका शब्दात तिने सगळी वाडी त्याच्या हाती दिली होती. मेणी, रोहाआत्या, सगळ्यांचे संसार आता या माणसाच्या जिभेवर होते, आणि त्या जिभेला महामात्यपदाचे बक्षीस लागले होते.

"उद्या सभेत ये," तो म्हणाला. "भिऊ नकोस असं सांगणार नाही. पण ये."

ती गेली. एकटीच जाणार होती, पण सगळी वाडी तिच्या मागून गेली आणि दाराशी दाटून उभी राहिली.

"चोर सापडला?" राजाने विचारले.

"सापडला, महाराज," श्रुतसेन म्हणाला. "चोर मी आहे."

त्याने तीन दिवसांची हकीकत सांगितली. "त्यांच्या मजुरीवर मी त्यांचे काम केले. तिसऱ्या दुपारी माझा हात गुळाकडे गेला, आणि मला कळले तेव्हा गूळ तोंडात होता. या बायकांना नगराबाहेर घालवायचे असेल तर मलाही घालवा. महामात्यपद मला नको. ते चोराला देऊ नये."

पुंडरीक उभा राहिला. "तू कोवळा, तुझे मन कच्चे! आमच्या काळी लोक अर्धपोटी राहून काम करीत, पण परक्या वस्तूला शिवत नसत. शिवाय यांच्यावर जबरदस्ती कुठे आहे? दोन मुठींना राजी आहेत म्हणूनच येतात ना?"

बोलायचे नाही असे कुवलीने ठरवले होते. पण ते तिला जमले नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "तुमच्या काळी धुमस कोण उचलत होतं? माझी आजीच ना? तुम्ही तेव्हाही याच आसनावर होता."

दाराशी कोणीतरी फिसकन हसले. राजानेही ओठ चावले. तो म्हणाला, "पुंडरीक, तुम्ही तिघे उद्यापासून तीन दिवस चुन्यावर जा. दोन मुठी कण्या घ्या. तुमचे हात स्वच्छ राहिले तर वाडी नगराबाहेर जाईल. नाही राहिले तर मजुरी ही सांगेल ती."

"कबूल!" पुंडरीक म्हणाला. आपल्या हातांवर त्याचा पूर्ण विश्वास होता, कारण त्यांची परीक्षा कधी झाली नव्हती.

वाडीने ते दिवस श्वास रोखून काढले. पहिल्या दिवशी तिघांनी धुमस उचलता उचलता सर्वांना उपदेश केला. कुवलीचे गाणे त्यांना फार जलद वाटले. रात्री त्यांनी कण्या खाल्ल्या आणि कण्या कशा पचायला हलक्या असतात यावर चर्चा केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चा नव्हती. दुपारी राजा तलावावर आला, तेव्हा दोन अमात्य सावलीत आडवे झाले होते, आणि पुंडरीक गुळाच्या ढेपेपासून बराच दूर, फारच ताठ उभा होता.

"काय पुंडरीक, हात कसे आहेत?"

पुंडरीकाने दोन्ही हात पुढे केले. धुतलेले, लख्ख. पण त्याची दाढी एका बाजूला चिकटून गोळा झाली होती.

"दाढीला काय लागलंय, आजोबा?" कुवलीने विचारले.

"चुना."

"चुन्याला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

दाढीतून मुंग्यांची रांग शिस्तीत गळ्याकडे उतरत होती. रोहाआत्या हसता हसता खालीच बसली. राजा हसला, सारथी हसला, आणि मग पुंडरीकाने खांदे पाडले.

"भूक लागली होती गं, पोरी," तो म्हणाला. साठ वर्षांत त्याने सभेत एवढे खरे काही सांगितले नव्हते. कुवलीने त्याला पाणी दिले आणि दाढी धुवायला मदतही केली.

मग राजाने तिला मजुरी विचारली. कुवली म्हणाली, "काम करणाऱ्या एका माणसाचं आणि एका लेकराचं दोन वेळा पोट भरेल, आणि आजारपणासाठी मूठभर मागं पडेल, एवढं धान्य. त्याच्या खाली कुणालाच नाही. कुणी स्वतः येऊन म्हणाली की मला कमी द्या पण काम द्या, तरी तिलाही नाही. कमी घेणारी राजी नसते, महाराज, तिची अडचण असते. आणि भर उन्हात धुमस चालला, तर त्या दिवशी वर एक माप."

"आणि सुगी झाली की," श्रुतसेन म्हणाला, "कोठारातला जादा वाटा आधी त्यांना, ज्यांची मजुरी सर्वांत कमी आहे."

राजाने हे सर्व तलावाच्या काठावर दगडात कोरून घेतले. गिलावा नव्याने केला. या वेळी गुळाची ढेप अख्खीच्या अख्खी चुन्यात गेली. धुमस असे पडले की नगरातल्या लोकांना वाटले, कुठे लग्न आहे. महिना गेला, दोन गेले, पाणी काठाला तसेच उभे होते. मग एका दुपारी चुनेवाडीच्या चाळीस बायका लुगड्यांसकट पाण्यात उतरल्या, आणि मेणी आईच्या खांद्यावर बसून तलावाला लाथा मारू लागली.

ही कथा भगवान शास्त्यांनी विहाराच्या अर्धवट बांधलेल्या ओसरीत सांगितली. विटा वाहणाऱ्या बायकांनी धान्य वाढवून मागितले म्हणून तीन वृद्ध उपासक तिथे कुरकुरत होते. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा पद्मसेन राजा म्हणजे आजचा भिक्षू उदुंबर. ते तीन अमात्य म्हणजे, उपासकांनो, तुम्ही तिघे. कुवली म्हणजे दारात डोक्यावर विटा घेऊन उभी आहे ती. तिला आधी आत येऊ द्या. श्रुतसेन अमात्य मीच होतो."

एका उपासकाने हात जोडून विचारले, "भगवन्, म्हणजे ही दानाची कथा ना?"

"दान आपल्या मालकीच्या वस्तूचे होते," शास्ते म्हणाले. "ते धान्य त्या बायकांचेच होते, ते उशिरा त्यांच्या घरी पोचले. त्या जन्मी बोधिसत्त्वाने भर सभेत ओठाला लागलेला गूळ कबूल केला. तेव्हा बुद्धत्वाच्या वाटेवरची त्याची जी पारमिता पूर्ण झाली, ती दानाची नव्हे, सत्याची."