ठकाईचं बंद कुरण

फार वर्षांपूर्वी, सावरखिंडीत गाडीवाट नव्हती आणि मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून यायचं, त्या काळात तिथे ठकाई नावाची एक म्हातारी राहायची. गवळी-धनगराची बाई, मागेपुढे कुणी नाही, गोठ्यात एकच गाय, कपिली. आणि तोंड असं, की ती बोलायला लागली की कोंबड्याही आडोशाला जायच्या, असं म्हणतात.

एका वर्षी गावातली गुरं तापाने फणफणू लागली. लाल मुतायची, चारा सोडायची आणि मान टाकायची. लोकांनी देवीला नारळ फोडले, कोंबडं दिलं. गुरं मरतच राहिली. एका सकाळी कपिलीही गेली. ठकाई तिच्या कानामागून हात फिरवत बसली, तेव्हा बोटांना गोचिडी लागल्या, एरंडाच्या बियांसारख्या टम्म फुगलेल्या.

असं म्हणतात, की ठकाईने त्यातली एक तळहातावर घेतली आणि संतापून विचारलं, "काय गं सटवे, तिचं रक्त प्यालीस, ती मेली, मग तू कशी ठणठणीत?"

आणि गोचीड बोलली. "रोग माझ्याही पोटात आहे, म्हातारे. पण माझ्या अंगात राखणदार आहेत. ते त्याला मारत नाहीत, पण माजूही देत नाहीत. म्हणून मी जगते आणि तोही जगतो. मग मी भुईवर पडते, हजारो अंडी घालते आणि मरते. रोग माझ्या पोरींना आंदण जातो. त्या गवताच्या शेंड्यावर चढून, पाय पसरून गुरांची वाट बघतात."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर उपाशी मरतात. पण आमच्याएवढा दम कुणाला धरवत नाही."

"मला धरवतो," ठकाई म्हणाली आणि तिने ती गोचीड विस्तवात टाकली.

ती तडक राणू पाटलाकडे गेली. "वर्षभर कुरण बंद ठेव. गुरं दावणीला बांधा, पल्याडच्या डोंगराचा पाला आणून घाला. अंगावरची गोचीड काढा, पण विस्तवात टाका. भुईवर टाकलेली गोचीड म्हणजे पेरलेली गोचीड!"

पाटील हसला. "ठकाई, गोचीड काय आजची आहे? आमच्या आज्याच्या गुरांनाही होती."

"होती ना! म्हणून तुझ्या आज्याने पाळली होती का रे?"

लोक तिच्यासमोर माना डोलवायचे, गोचीड उपटायचे आणि बोलता बोलता गोठ्याच्या दारातच फेकायचे. ठकाई कपाळ बडवून घ्यायची. "अरे मेल्यांनो, एवढं दगडाला सांगितलं असतं, तर तो उठून कामाला लागला असता!"

शेवटी तिने करवंदीच्या काटेरी फांद्या ओढून आणल्या, कुरणाचं तोंड बुजवलं आणि काठी घेऊन समोर बसली. पाऊस आला, तिने डोक्यावर इरलं घेतलं. थंडी आली, घोंगडी घेतली. लोक चिडले, पण त्या तोंडाशी भांडणार कोण? पाल्याचे भारे वाहून माणसांच्या माना दुखू लागल्या. गुरं मरायची मात्र हळूहळू थांबली. आत गवत कमरेएवढं वाढलं. शेंड्याशेंड्यावर गोचिडींची पिल्लं पाय पसरून बसली होती आणि कुणी येत नव्हतं.

होळी जवळ आली. ठकाई पाण्याला गेली होती, तेवढ्यात राणू पाटलाने फांद्या सारून आपली गाय आत सोडली. "आता काय उरलंय आत!" तो म्हणाला.

ठकाई परतली. तिने गाय पाहिली, पाटलाला पाहिलं. पाटील शिव्यांची वाट बघत उभा राहिला. ठकाईने घागर तिथेच ठेवली. ती घरी गेली आणि भिंतीला टेकून बसली.

दोन दिवस तिचा आवाज आला नाही. गाव घाबरलं. पाटलाला जेवण गोड लागेना. त्याने गाय केव्हाच बाहेर आणली होती. तिच्या अंगावरून बोटं फिरवून मोहरीएवढी पिल्लं त्याने एकेक करून काढली, विस्तवात टाकली. मग तो ठकाईच्या दाराशी आला.

"ठकाई, चुकलं माझं. शिव्या घाल, पण अशी बसू नकोस."

"काय घालू? सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"फांद्या पुन्हा लावल्यात. आता मी बसतो तिथे."

ठकाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तिने तोंड उघडलं. असं म्हणतात, की ती सकाळी सुरू झाली ती दिवस कलेपर्यंत थांबली नाही. तिचा आवाज तीन डोंगर ओलांडून गेला आणि कुरणातल्या उपाशी गोचिडी गवतावरून भुशासारख्या झडल्या. पांढऱ्या बगळ्यांचे थवे उतरले आणि उरलंसुरलं टिपून गेले. पावसाळ्यात कुरण उघडलं, त्या वर्षी एकही जनावर लाल मुतलं नाही.

ठकाई कधी गेली, कुणाला ठाऊक नाही. पण सावरखिंडीत आजही दर वर्षी एक कुरण बंद असतं. ते उघडायच्या दिवशी गाव गुरं घेऊन जमतं, प्रत्येक जण शेजाऱ्याच्या गुराच्या गोचिडी काढतो आणि खापरातल्या विस्तवात टाकतो. मग गावातली सर्वांत म्हातारी बाई पाटलाच्या घरच्या कर्त्याला पोटभर शिव्या घालते. तो हात जोडून, खाली मान घालून ऐकतो. तिचं समाधान होईपर्यंत एकही जनावर आत जात नाही, आणि काही वर्षी म्हणे संध्याकाळ होते.