टिटवीचं आभाळ

आभाळ अजून नवं होतं आणि ते कधीही पडेल अशी भीती सगळ्यांना वाटायची, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्याकाठी एक टिटवी राहायची. ती उताणी, पाय वर करून झोपायची. आपण आभाळ पेलून धरलंय म्हणूनच तळं सुखानं झोपतं, अशी तिची पक्की खात्री होती.

एका धुकट पहाटे उत्तरेकडून एक हंसीण आली. मागोमाग तिचं दमलेलं पिल्लू. दोघं काठावर टेकतात न टेकतात तोच टिटवी पडल्यापडल्या ओरडली, "चालते व्हा! मी आभाळ धरलंय ते आमच्या तळ्यापुरतं. परक्यांचा भार मला नको."

"निघतो, ताई," हंसीण म्हणाली. "पिल्लाचे पंख भरून आलेत, जरा दम खाऊ दे त्याला."

पिल्लू मात्र टिटवीच्या पायांकडे टक लावून बघत होतं. "आई, ही आपल्या टिटवीमावशीसारखीच झोपते गं!"

"तुमच्याकडे टिटवी आहे?" टिटवीनं दचकून विचारलं.

"आहे की, बर्फाच्या डोंगरापलीकडे," पिल्लू म्हणालं. "तीही म्हणते, आभाळ मीच धरलंय."

टिटवीनं वर पाहिलं. धुकं विरत होतं. तळ्यावरचं आभाळ कुठंही न उसवता थेट उत्तरेकडे गेलेलं तिला दिसलं. तिकडच्या टिटवीनं पाय खाली घेतले तर?

बऱ्याच वेळानं ती बाजूला सरकली आणि पिल्लासाठी तिनं उबदार जागा करून दिली.

"परत जाल तेव्हा तिला माझा निरोप द्या," ती हळूच म्हणाली. "म्हणावं, पाय दुखले तर जरा खाली घे. तेवढा वेळ इकडून मी धरते."